कडवीचा पहिला घोट

औषध देणाऱ्यानं पहिला घोट स्वतः घ्यायचा. या खोऱ्यात कुटकीला कडवीच म्हणतात, आणि एवढं कडू माणसाला एकट्यानं प्यायला लावू नये, अशी इथली रीत.

ताप असो, पोट असो, कावीळ असो, गाव बचुलीच्या चुलीपाशी यायचं. ती वाळकं मूळ ठेचून रात्रभर पाण्यात ठेवायची. सकाळी निवळ वाटीत ओतायची, घोट घ्यायची, तोंड वाकडं करून वाटी पुढे करायची. मुळाचा जोर किती, ते तिला त्या घोटातच कळायचं.

ती वाटी सगळ्यांत जास्त वेळा घेतली असेल थोरल्या जावेनं, सतेश्वरीनं. पिऊन झालं की ओठ पुसत म्हणायची, "गोड आहे गं भुली. गूळ घातलास होय?"

"घातला. तुझ्या जिभेला पुरेल एवढा गूळ अख्ख्या खोऱ्यात नाही, दीदी."

दोघी सुना म्हणून या घरात आल्या तेव्हापासूनची ही थट्टा, आणि तेव्हापासूनच बचुली तिची भुली, धाकटी बहीण.

*

मागच्या हिवाळ्यात बचुली तापानं पडली. उठली तेव्हा तोंडाची चव गेलेली. मीठ लागेना, मिरची नुसतीच चटका द्यायची. आज येईल, उद्या येईल म्हणत तिनं कुणाला सांगितलं नाही. डाळीत मीठ हाताच्या अंदाजानं टाकत राहिली.

सांगितलं नाही, कारण

कारण तिला ठाऊक आहे. जिभेवाचून बचुली म्हणजे गुडघे दुखणारी एक म्हातारी. बस्स.

त्या गुडघ्यांमुळेच यंदा वरच्या कुरणात सून सौणी गेली. नंदाष्टमीआधी तिथे कुणी कुदळ लावत नाही, बी गळून पडू देतात. अष्टमी उलटल्यावर ती गेली आणि पोतं भरून आली.

"ज्यू, पाठीचा पार भुगा झाला," ती म्हणाली. सासूला इथे ज्यूच म्हणतात.

"बघून आणलंस ना गं?"

"तुम्ही दाखवलंत तसंच पान, तसंच मूळ."

कडवीला एक सावत्र बहीण आहे. त्याच खडकांत उगवते. वाळली की वेगळी ओळखू येत नाही. कडूपणा तेवढा नसतो.

*

घडलं ते असं.

सतेश्वरीचे डोळे पिवळे झाले. तिचा मुलगा जीप आणायला निघाला, तर म्हणाली, "आधी भुलीची वाटी. मग तुझी जीप."

बचुलीनं घोट घेतला. पाण्यासारखं लागलं. पण तिला आता सगळंच पाणी लागायचं. सवयीनं तोंड वाकडं करून तिनं वाटी पुढे केली.

सतेश्वरी थोडं प्यायली आणि वाटीत बघत राहिली.

"गोड आहे गं."

"घातलाय गूळ."

"नाही, खरंच. कडू नाहीये हे."

"हळदीसारखी पिवळी झालीस, तरी नाटकं सुटत नाहीत. पी मुकाट्यानं."

सतेश्वरी हसली नाही. बचुलीला ते तेव्हाही दिसलं होतं.

रोज सकाळी वाटी जात राहिली. पुढे पुढे सतेश्वरी काही म्हणेना, नुसती प्यायची. शेवटी मुलानं ऐकलं नाही, जीप आणलीच. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, फार उशीर केलात.

ती वर परत आली नाही.

*

दिवाळीच्या सुमारास, सणाचं तळलेलं खाऊन, सौणीचं पोट दुखलं. तिनं पोत्यातला तुकडा चघळला. पुन्हा चघळला.

"ज्यू, हे कडू नाहीये."

"कुरणात तोंडात घालून बघितलं नव्हतंस?"

"वारा केवढा होता. आणि म्हटलं, देण्याआधी तुम्ही चाखताच की." बोलता बोलता सौणीचा चेहरा उतरला. "मोठ्या ज्यूंना देताना चाखलं होतंत ना?"

"चाखलं होतं," बचुली म्हणाली. ते खोटं नव्हतं.

सौणीनं श्वास सोडला. म्हणजे तेव्हा खरी मुळं निघाली असतील, ती म्हणाली, मिसळ झाली असेल. बचुलीनं मान हलवली.

*

घडायला हवं होतं ते असं.

सतेश्वरी म्हणते, "कडू नाहीये हे."

बचुली म्हणते, "मला चव नाही दीदी. हिवाळ्यापासून."

सतेश्वरी म्हणते,

इथे अडतं. रोज इथेच अडतं. दीदी काहीतरी लागट बोलली असती, मग पोतं अंगणात उपडं करून एकेक मूळ दाताखाली धरलं असतं. पण ते लागट काय, हे बचुलीला सुचत नाही. जे सुचतं ते तिचंच असतं, दीदीचं नसतं.

*

पुढच्या अष्टमीनंतर सौणी पुन्हा वर गेली. तिनं नवी मुळं आणली. शेजारचा पुष्कर ताप घेऊन आला. बचुलीनं निवळ ओतली आणि वाटी सुनेच्या हातात दिली.

"आधी तू."

सौणीनं घोट घेतला. कडूपणानं तोंड आक्रसलं. मग ती सासूकडे बघत राहिली, वाटी तशीच हातात.

"डाळ खारट व्हायची, ज्यू," ती हळूच म्हणाली. "मोठ्या ज्यू म्हणायच्या, कुणी बोलायचं नाही, तिला वाईट वाटेल. आम्ही वरून पाणी घालून खायचो."

चुलीत लाकूड सरकलं. पुष्करनं हात पुढे केला, वाटी घेतली, डोळे मिटून रिकामी केली आणि कसंनुसं तोंड करून परत दिली.

बचुली थोडा वेळ त्याच्याकडे बघत होती. गूळ घातलास होय, असं त्यानं विचारलं नाही.