बदकांच्या चादरीचा एक कोपरा

मित्रांनो, मी एक जुना कापडाचा तुकडा आहे. आकाराने वहीच्या पानाएवढा. माझ्या दोन कडा शिवलेल्या आहेत आणि दोन कातरलेल्या. त्यावरून मी एके काळी एका चादरीचा कोपरा होतो, हे तुम्हाला ओळखता येईल. त्या चादरीवर पिवळी बदकं होती. माझ्या वाट्याला दीड बदक आलं.

ती चादर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या लोर्ना हॉगन या बाईंची. त्या शेल्टी जातीची कुत्री पाळत आणि त्यांची पिल्लं विकत. त्यांच्या ब्रायर नावाच्या कुत्रीने पाच पिल्लांना जन्म दिला, तो आमच्यावरच. लोर्नाबाईंची एक रीत होती. पिल्लं आठ आठवड्यांची झाली, की आईखालची चादर न धुता कातरायची आणि प्रत्येक पिल्लाबरोबर एकेक तुकडा द्यायचा. परक्या घरात पिल्लाला आईचा वास मिळावा, एवढाच हेतू.

आठ आठवडे त्या पाचही छात्या माझ्यावर टेकून झोपल्या. तिघांचे ठोके सुटे पडत. ठक-ठक, मग शांतता, मग पुन्हा ठक-ठक. दोघांच्या छातीत मात्र ती शांतता नव्हती. भिंतीपलीकडे शिवणयंत्र चालावं, तशी तिथे सतत थरथर चालू असे. त्यातलं एक तपकिरी पिल्लू होतं. दुसरी त्याची सर्वांत धाकटी बहीण. मला हे कळत होतं, पण कापडाला सांगता येत नाही.

लोर्नाबाईंचे जुने पशुवैद्य त्या वसंतात निवृत्त झाले होते आणि नव्यांचा दवाखाना चाळीस मैलांवर होता. बाईंनी पिल्लांना हातात घेतलं, हिरड्या पाहिल्या आणि प्रत्येकाच्या कागदावर 'हृदय निर्दोष' असं स्वतःच लिहिलं. एकतीस वर्षांत त्यांच्या एकाही पिल्लाची तक्रार आली नव्हती. त्यांना खात्री होती. तपासलं मात्र नव्हतं.

मग कात्री चालली. माझ्या शेजारचा तुकडा अर्धं बदक घेऊन धाकटीबरोबर दुसऱ्या गावी निघून गेला. मी तपकिरी पिल्लाबरोबर आयरीन पुलास्कींच्या घरी आलो. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीने, जोसीने, पिल्लाचं नाव ठेवलं पेकन. तो माझ्यात नाक खुपसून झोपे.

चौथ्या दिवशी आयरीनने मला मळका समजून टॉवेलांबरोबर मशीनमध्ये टाकलं. बाहेर आलो तो लॅव्हेंडरचा वास घेऊन. पेकनने मला हुंगलं, पंजाने उलटं करून पुन्हा हुंगलं आणि तो दाराशी जाऊन बसला.

"मम्मी, त्याची आई धुऊन टाकलीस तू!" जोसी ओरडली.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी पेकनची छाती बराच वेळ ऐकली. हृदयाजवळची एक नळी जन्मानंतर आपोआप बंद होते, त्याची ती उघडीच राहिली होती. शस्त्रक्रियेने ती बंद करता येते, पण उशीर झाला तर हृदय थकत जातं. "हे वंशातून येतं. भावंडांनाही तपासायला हवं," असं ते म्हणाल्याचं आयरीनने लोर्नाबाईंना फोनवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाई पिल्लाच्या विक्रीचा करार घेऊनच आल्या.

"यात लिहिलंय बघा. हा मला परत द्या, पुढच्या वेतातलं दुसरं पिल्लू देते."

"तो काय टोस्टर आहे, बदलून द्यायला?" जोसी म्हणाली.

"जोसी, गप्प बस," आयरीनने दटावलं.

"अगं बाळा, एकतीस वर्षं हेच करतेय मी. माझ्याकडे असलं काही निघत नाही. नवे डॉक्टर आले की नवे रोग येतात."

"मग हात लावून बघा की," आयरीन म्हणाली. "इथे, डाव्या पुढच्या पायामागे."

लोर्नाबाई कण्हत गुडघ्यांवर बसल्या. पेकन माझ्यावर आडवा होता. वरून त्यांचा तळवा, खालून मी. आमच्यामध्ये ती थरथर. त्यांनी हात बराच वेळ काढला नाही.

"हे माझ्या हाताला लागलं होतं गं," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, लाडात आलंय." आणि मग, "धाकटीलाही असंच होतं."

मित्रांनो, या एका वाक्याची मी किती वाट पाहिली होती!

त्यांनी तिथूनच धाकटीच्या घरी फोन लावला. "मी लोर्ना हॉगन. तुमच्या कागदावर हृदय निर्दोष लिहिलंय ना, ते मी न तपासता लिहिलंय. तिला आजच डॉक्टरांकडे न्या. हो, चूक माझी, खर्चही माझा. रागवा हवं तेवढं, पण आधी न्या." मग उरलेल्या तीन घरांनाही त्यांनी हेच सांगितलं. फोन ठेवून त्या आयरीनला म्हणाल्या, "याचाही सगळा खर्च मी करते. आणि ब्रायरचं पुढचं वेत आता होणार नाही."

निघताना त्यांनी मला उचलून हुंगलं. "हे धुतलंत?"

"मळकं होतं हो."

"मळकं कसलं! ब्रायर होती ती."

त्या मला घरी घेऊन गेल्या. पाच दिवस मी पुन्हा ब्रायरखाली होतो. तिला लॅव्हेंडर आवडला नाही. पण पेकन जिथे नाक खुपसून झोपे, ती जागा तिने बरोबर शोधली आणि ती तेवढीच पुन्हा पुन्हा चाटत राहिली. मग मान उचलून दाराकडे पाहत राहिली.

शस्त्रक्रियेनंतर पेकन शुद्धीवर आला, तेव्हा त्याचं नाक माझ्यावर होतं. या वेळी त्याने मला उलटं केलं नाही. पुढच्या महिन्यात धाकटीचीही नळी बंद झाल्याचं लोर्नाबाईंनी कळवलं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. ब्रायर आता नाही. तिचा वासही माझ्यातून केव्हाच उडून गेला. मित्रांनो, पिल्लू आणायला जाल तेव्हा कागद जरूर वाचा. पण तो लिहिण्याआधी छाती कुणी ऐकली होती, तेही विचारा. आणि कधी पिल्लू देणारे तुम्हीच असाल, तर ते दाराबाहेर गेल्यावरही तुमचा हात त्याच्या छातीवर असू द्या.

पेकन म्हातारा झालाय, पण अजून माझ्यावरच झोपतो. ठक-ठक, मग शांतता. त्या शांततेत मला दुसऱ्या गावातलं ते अर्धं बदक आठवतं.