दहा मिनिटांचा विसावा

वाशिमच्या त्या कापसाच्या जिनात सरकी वेगळी करणारे बारा रेचे होते आणि त्यांत कापूस घालायला बारा बाया. त्यांच्यावर मुकादमीण कस्तुराबाई. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण कुणाचा हात कधी मंदावला ते तिला लांबूनच कळे.

दुपार कलली की बायांचे हात जड होत आणि बोटं रेच्याच्या फिरत्या रुळाजवळ जात. त्यांच्यातल्या पंचफुलाचं बोट असंच तुटून गेलं. मॅनेजर बबनराव म्हणाले, बाईच निष्काळजी. म्हणायला काय जातंय! कस्तुराबाईने हंगामभर बघून ठेवलं होतं, बोटं जातात ती थकल्या वेळीच.

"सायेब, बायायले दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं बसू द्या. काम वाढीन."

"बसून काम वाढते? डोकं फिरलं काय तुमचं?"

पण ती हटूनच बसली. शेवटी आठ दिवसांची मुदत मिळाली. कापूस कमी निघाला तर विसावा बंद आणि कस्तुराबाईही घरी.

हे बायांच्या कानावर गेलं आणि तिथेच घोळ झाला. बाई आपल्यासाठी भांडली, आता तिची लाज आपण राखायची, असं साऱ्यांनी ठरवलं. तांड्यावरच्या गोमतीने तर पदरच खोचला. विसाव्यात तिला तान्ह्या लेकीला पाजता येई. एरवी पोर कापसाच्या ढिगाआड रडून रडून झोपायची. चौथ्या दिवशी शेजारच्या रेच्यावरची बाई आली नाही, तर गोमतीने दोन्ही रेचे एकटीने चालवले. तिचं पाहून बाकीच्याही, एक विसाव्याला बसली की दुसरीने तिचाही रेचा धरायचा, अशा आळीपाळीने दोन-दोन रेचे सांभाळू लागल्या. कस्तुराबाई कौतुकाने बघत राहिली. एवढी हुशार बाई, पण तिने त्यांना थांबवलं नाही.

नवव्या दिवशी बबनराव खूष होते.

"तुमचं खरं निघालं, बाई. इसावा कायम. आता एक बाई दोन रेचे चालवते, म्हणजे सहा बाया पुरे. तान्ह्या लेकरांवाल्या आधी काढा."

कस्तुराबाई रडली, पाया पडली. काही उपयोग झाला नाही. बायांना सांगायचं कामही तिच्याच गळ्यात आलं.

गोमती भिंतीला टेकून लेकीला पाजत होती. पोरीचं पोट भरेपर्यंत कस्तुराबाई थांबली. मग सांगितलं.

"माह्यं काम कमी पडलं काय, बाई?"

"नाही वो माय. जास्त झालं. लय जास्त झालं."

गोमतीने लेकीला खांद्यावर घेतलं. "मंग मले सांगाचं होतं ना," ती म्हणाली, "मी हळू केलं असतं."