मातीतली वंशावळ

"ए, ही तुझी पांढरी बट खरी आहे, का चुना लागलाय?"

नगरला कबड्डीच्या स्पर्धेत खर्ड्याच्या कर्णधाराला हे विचारायची पैज मैत्रिणींनी माझ्यावर लावली. "तूच विचार, तुमचं आपसातलं!" कारण कपाळावर, अगदी तिथंच, माझीही तशीच बट. शहाण्णव साल, मी दहावीत. पुणतांब्याच्या संघाची कर्णधार झाल्यापासून मी कुणाला भीत नव्हते.

ती मोनिका. खळखळून हसली. "आमच्या घरचा शिक्का हाय. आजीला, आईला, मला. तुझी कशानं?"

"मी पोटात असताना आईनं ग्रहण पाळलं नाही. नेमकी तेव्हाच भाकरी थापत बसली."

"म्हंजे तुमच्यात दुसऱ्या कुणालाच न्हाई?"

सरांनी नुकतीच आनुवंशिकता शिकवली होती. मी काडी घेऊन मातीत दोघींच्या वंशावळी काढल्या. बट असेल त्याला गोल. तिच्याकडं दर पिढीत गोल. माझ्याकडं चुलते, मामा, आत्या, सगळे कोरे. खाली गोलात एकटी मी.

मी काडीनं तोच एकटा गोल पुन्हा पुन्हा गिरवत राहिले.

तेवढ्यात मोनिकाची आई पाणी घेऊन आली. मला बघितलं आणि तांब्या हातातून सुटलाच.

"पुनतांब्याची का गं तू? सूर्यभानरावांची?"

"हो. का?"

"मनकर्णाची पोर!" ती मटकन खाली बसली. "माझी पाठची बहीण. नवरा आधीच गेल्ता, ती बाळंतपणात गेली. सूर्यभानरावांना मूल नव्हतं. आमीच तुला त्यांच्या ओटीत घातलं. पुन्हा त्यांच्या दारात यायचं न्हाई, असा शबूद दिला हुता."

मी पहिल्याच चढाईत पकडली गेले. कुणी पकडलं, तेही आठवत नाही.

घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता विचारलं, "आई, ग्रहणात तू भाकरी थापलीच नव्हतीस ना?"

आईचा हात परातीतच थांबला. बाबांनी रेडिओ बंद केला.

"ती माणसं तुला परत नेतील, अशी भीती वाटायची गं," आई कशीबशी म्हणाली.

"नेतील? मी काय कोंबडी आहे?" मी ओरडले, आणि रडायलाच लागले. आईही.

मग मी नाक पुसलं.

"ऐका दोघंही. शब्द त्यांनी दिला होता, मी नाही. रविवारी मी खर्ड्याला जाऊन मनकर्णाच्या आईला, माझ्या आजीला, आपल्या घरी आणणार आहे. आणि आई, तिला जेवायला तूच वाढायचं."