हरवलेल्या पॅकेटांची जागा

नेटवर्क कार्डावरचा हिरवा दिवा, ज्वारीच्या दाण्याएवढा… इतक्या वेगानं लुकलुकणारा की लुकलुकतच नाही असं वाटावं. आजारी माणसाच्या पापणीकडे पाहावं तसा अनुप सकाळपासून त्याच्याकडे पाहत होता – हलली? नाही – आणि खरं तर त्याला आनंद व्हायला हवा होता, कारण कालपासून एकही पॅकेट हरवलं नव्हतं.

गच्चीवरची अँटेना अकोल्याकडे तोंड करून उभी. तिच्यात शिरलेल्या लहरीचे खालच्या डब्यात आकडे होतात, आकड्यांची पॅकेटं होतात, पॅकेटं तारेतून संगणकात धो-धो येऊन पडतात आणि रेडिओचं उरलेलं काम – स्टेशन निवडणं, खरखर गाळणं, माणसाचा आवाज काढणं – प्रोग्रॅम करतो. अनुपची लायब्ररी – म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा, त्यानं लिहिलेला कोड – या मधल्या वाटेची होती. एरवी पॅकेट ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती जातं; ती ते उतरवून घेते, नोंदवते, नक्कल काढते, सवडीनं पुढं सरकवते. अनुपनं तिलाच बाजूला सारलं होतं. कार्डानं पॅकेट थेट प्रोग्रॅमच्या मेमरीत टाकायचं, मध्ये कुणी नाही. हे त्यानं बाबांना समजावलं तेव्हा बुधाजी – जिल्हा परिषदेत जन्मभर आवक-जावकच्या टेबलावर बसलेले – एकाच गोष्टीवर अडले.

"मंजे आवक नंबरच नाई टाकत तुमी?"

"नाई बाबा. टाइम जाते त्याच्यात."

"मंग हरवलं तं?"

या एवढ्या प्रश्नासाठी पुण्याची कंपनी अनुपला पगार देत होती.

हरवतच होती. आणि पॅकेटं एकेकटी हरवत नाहीत, थव्यानं हरवतात, तिथं आवाजाला भोक पडतं. ते भोक शून्यांनी, म्हणजे शांततेनं भरायचं असतं. पण शांतता कानाला सापडत नाही – निवेदकानं श्वास घेतला की पॅकेटं गेली, कसं कळावं? म्हणून चाचणीपुरतं त्यानं भराव म्हणून आईचं बोलणं घातलं होतं. मायक्रोफोन तपासताना स्वयंपाकघरात घेतलेलं. बोल काहीतरी, म्हटल्यावर ललिताबाई परातीवरून मान वर न करता म्हणाल्या होत्या, "काय बोलू? माह्याजवळ काय हाय बोलाले… भाकर थंडी होऊन राह्यली अनुप, काहून जेवत नाई रे तू…" असं बरंच, आणि शेवटी, यंत्र बंद झालं असं समजून, स्वतःशीच काहीतरी. भोक पडलं की आई. पुढचं भोक पडलं की मागं थांबली होती तिथून पुढं आई. संपली की पहिल्यापासून.

तेव्हा ती होती. अकोल्याच्या बाजारात तुरीची आवक – काय बोलू? – मंदावली, असं ऐकून पदर तोंडाला लावून हसली होती. "बंद कर बापा ते," म्हणाली होती. "लोक काय म्हणतीन, हे तुरीत काहून बोलून राह्यली."

मग मार्चमध्ये, दोन दिवसांच्या तापात, गेली. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पातूरचे मामा परतले, घरात उरलेल्या सतरंज्या गोळा झाल्या, आणि अनुप पुन्हा या खोलीत येऊन बसला, लायब्ररी चालू केली, कुणीतरी कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल सांगत होतं आणि त्या बोंडअळीच्या मधोमध ती म्हणाली, "काहून…"

भराव बदलायला हवा होता. एक ओळीचं काम. काम संपलं की बदलू, असं तो म्हणाला – आणि काम तर तो चांगलं करायचा, तीच तर भानगड. दर आठवड्याला एखादा दोष सापडायचा, एखादं भोक बुजायचं. आधी ती वाक्यं बोलायची. मग शब्द. मग एक शब्द सकाळी आणि त्याचा जोडीदार दुसऱ्या दिवशी दुपारी… मी आईला गप्प करतोय, नीट, शास्त्रशुद्ध, मोजून मापून. आणि शुक्रवारी त्याचा अहवाल पाठवतोय, आलेखासकट. 'लक्षणीय सुधारणा.' शेवटचं भोक काल बुजलं. लायब्ररीसाठी राखून ठेवलेल्या प्रोसेसरवर ऑपरेटिंग सिस्टिम मधूनच एखादं फुटकळ काम आणून टाकायची, शेजारणीनं वाटीभर साखर मागायला यावं तशी, आणि तेवढ्या वेळात पॅकेटं सांडायची. अनुपनं ते दार लावून घेतलं.

दुपारी पुण्याहून प्रणालीचा फोन आला. ती टीमची प्रमुख. "अनुप, भारी रे! लॉस शून्य! संध्याकाळी देऊन टाकू ग्राहकाला. आणि ऐक ना, तो भराव… काहीतरी घरातला आवाज आहे ना त्यात? तो काढून शून्य टाक."

"हो. चाचणीपुरता होता."

"कोण आहेत त्या?"

"चाचणीपुरता," तो पुन्हा म्हणाला.

पाण्याला म्हणून उठला तर दाराबाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीत, बाबा. ते रोजच तिथं बसायचे. कुलरची हवा येते म्हणून, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

"आज काहून नाई बोलली ते?"

"कोण?" अनुपनं विचारलं. विचारायचं म्हणून.

"काल बी नाई. परवा 'थंडी होऊन' म्हणाली अन् थांबली. थांबलीच हाय."

तांब्या हातात तसाच. "बाबा, पुरं रेकॉर्डिंग हाय ना माह्याजवळ. मोबाइलवर टाकून देतो. वाटलं तवा ऐका."

"ते कशाले?" बुधाजी चिडले. "ते तं आपण लावू तवा बोलंन. इथं ते मनानं बोलते."

"मनानं नाई बाबा. पॅकेट हरवलं का–"

"मालूम हाय मले. सांगतलं होतं तू. मंग आता हरवत काहून नाई?"

"मी ठीक केलं ते."

निकाली निघालेल्या फायलीकडे पाहावं तसं त्यांनी मुलाकडे पाहिलं. "चांगलं केलं," म्हणाले, आणि खुर्ची होती तिथंच ठेवून बसून राहिले.

अनुप आत आला. दार लोटलं, मग अर्धवट उघडं ठेवलं. पडद्यावर भरावाची ओळ, तिच्या टोकाशी कर्सर. ती पुसली गेली नव्हती अजून, हे त्याला आत्ताच कळल्यासारखं झालं… ती तिथंच होती, मेमरीत, 'होऊन'वर अडलेली, पुढचा शब्द ओठांवर घेऊन. पंगतीत भाजीचं भांडं कमरेशी धरून उभी राहायची तशी, कुणाच्या ताटात जागा रिकामी होतेय ते पाहत. आणि आता कुणाच्याच ताटात जागा होत नव्हती.

अकोल्याचा निवेदक स्वच्छ आवाजात खतांबद्दल बोलत होता. इतका स्वच्छ की त्याच्यासमोरचा कागद उलटलेला ऐकू आला. बाहेर खुर्ची करकरली. निवेदक वाक्य संपवून थांबला, आणि त्या थांबण्यात अनुपचा श्वास अडकला – आणि बाहेरचाही, त्याला खात्री होती – मी पॅकेट हरवायची वाट पाहतोय… मीच…

थांबणं लांबलं. नेहमीच्या श्वासापेक्षा जरा जास्तच, की तसं वाटलं. हरवलेल्या पॅकेटांचा आकडा समोरच होता; पाहिला असता तर कळलं असतं. त्यानं डोळे मिटून घेतले आणि कान तेवढे उघडे ठेवले.