बंदुकीचा मुक्काम

डेल्फा कोगर दुकानात शिरली ती गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या पोरासारखं कवेत घेऊन. आर्डन टीटरने चष्मा कपाळावर सरकवला. आयुष्यभर बंदुका दुरुस्त केलेल्या माणसाला गोधडीच्या आत काय आहे ते सांगावं लागत नाही. त्याला नवल वाटलं ते बाईचं. नवरा एमरी कोगर गेल्यापासून ती चर्च आणि किराण्याचं दुकान सोडून कुठे दिसली नव्हती.

"छताने दगा दिला, मिस्टर टीटर," असं म्हणत तिने गोधडी उलगडली. "कपाटात पाणी झिरपत होतं आणि मला पत्ताच नाही. बघा, काय दशा झालीय."

दशा खरंच वाईट होती. दस्त्याला, तो मुठीत धरतात त्या बारीक जागी, तडा गेला होता आणि पोलादावर गंजाने नुसता धुमाकूळ घातला होता. पण त्या गंजाखाली जे काम होतं ते पाहून आर्डनने चष्मा परत डोळ्यांवर ओढला. एमरी काचेच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचा. ही रायफल त्याने दोन हिवाळे खपून घराच्या तळघरात घडवली होती. दस्ता अंगणातल्या अक्रोडाचा. कंपनीचं नाव नाही, गावाचं नाव नाही. नळी ज्या पोलादी पेटीत बसते तिच्या डाव्या अंगाला हाताने कोरलेले पाच आकडे तेवढे होते, उजवीकडे किंचित कललेले: ६१४७५.

"हा कसला नंबर?"

"आमच्या लग्नाचा. सहावा महिना जून, तारीख चौदा, साल पंचाहत्तर. एमरीला तारीख लक्षात राहायची नाही. म्हणाला, इथे कोरून ठेवतो. विसरलोच, तर गोळी घालायचं सामानही तुझ्या हाताशी असेल."

आर्डन हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये, आणि त्याने घाईघाईने तोंड आवरलं.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यातल्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्या दिवशी आमच्या डोंगरात शाळासुद्धा बंद असतात. उघड्या ठेवल्या तरी येणार कोण? डेल्फाची नात जोसी यंदा पहिल्यांदा जाणार होती, आणि आजोबाची रायफल घेऊनच जाईन म्हणून अडून बसली होती.

"महिना आहे हातात, त्या सोमवारपर्यंत होईल," आर्डन म्हणाला. "पण एक अडचण आहे, मिस डेल्फा." आमच्या डोंगरात लग्न झालेल्या बाईलाही आदराने 'मिस'च म्हणतात. "घरी बनवलेली बंदूक घरात आहे तोवर वॉशिंग्टनचे सरकारवाले तिला नावगाव विचारत नाहीत. पण परवानेवाल्याच्या दुकानात तिचा मुक्काम पडला, एक रात्र जरी, की मला तिची नोंद करावी लागते आणि तिच्या अंगावर नंबर कोरावा लागतो. त्याची सुरुवात माझ्या परवान्याच्या आकड्यांनी. चिठ्ठी चिकटवून भागत नाही. पोलादात, ठरलेल्या खोलीचा, पुसता येणार नाही असा."

"एमरीच्या बंदुकीवर तुमचे आकडे?"

"माझे."

"नाही." तिने गोधडी परत गुंडाळायला घेतली. "त्या बंदुकीवर माझ्या नवऱ्याशिवाय कुणाची छिन्नी लागलेली नाही. आता तो नाही म्हणून कुणीही यावं आणि नाव टाकून जावं, असं नाही चालायचं."

आता इथे एक गोष्ट आर्डनला ठाऊक होती. कायद्यात एक वाट आहे: घडवणाऱ्याने स्वतः कोरलेला नंबर पुरेसा खोल आणि ठळक असेल, तर दुकानदाराने तोच मान्य करायचा. फक्त त्याच्याआधी आपल्या परवान्याचे आकडे आणि मध्ये एक आडवी रेघ घालायची. एमरीचे आकडे चांगले खोल होते. म्हणजे नवा नंबर लादायची गरज नव्हती. हे त्याने सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर कदाचित बाई समजूत पटून बंदूक ठेवून जाईल, आणि सोमवारच्या आधी एकदाच न्यायला येईल. हा विचार त्याच्या डोक्यात कुठून आला देव जाणे. बायको ऊन हवं म्हणून फ्लोरिडाला निघून गेल्यापासून असल्या विचारांना त्याने दारात उभं केलं नव्हतं.

"दुसराही एक मार्ग आहे," तो म्हणाला, आणि हेही खोटं नव्हतं. "ज्या दिवशी आणली त्याच दिवशी परत नेली तर नोंद नाही, कोरणं नाही. सकाळी आणा, संध्याकाळी न्या. रोज."

डेल्फाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग स्टोव्हजवळचं स्टूल ओढलं, बसली, आणि स्टूल डुगडुगलं तशी दचकली.

"रोज यायचं असेल तर हे नीट करा आधी," ती म्हणाली.

स्टूल काही त्याने नीट केलं नाही. बंदुकीचं काम मात्र सुरू झालं.

पहिले काही दिवस दस्त्यात गेले. तडा उघडून सरस भरला, पट्टे आवळले. सरस वाळायला रात्र लागते, आणि रात्र तर दुकानात काढायची नाही. तेव्हा पट्टे आवळलेली ती रायफल संध्याकाळी डेल्फाच्या जुन्या पिकअपमध्ये शेजारच्या सीटवर बसून, बेल्ट लावून घरी जायची. न्हाव्याच्या दुकानातून हे दृश्य छान दिसायचं. दुसऱ्याच आठवड्यात न्हाव्याने आर्डनला गाठलं. "काय रे, बंदूक दुरुस्त करतोयस की बाळंत करतोयस?"

"तू माझे केस काप, बाबा. ते फार नाहीत, लवकर सुटशील."

मग पोलादाचं काम निघालं. जुना गंज उतरवून वर काळा रंग चढवायचा, आणि तोही जुन्या पद्धतीने. ही पद्धत मोठी गमतीची. गंज काढायचा, तर आधी गंजच चढवायचा. गंज चढवणाऱ्या औषधाचा हात फिरवून नळी दमट जागी टांगायची. रात्रीत तांबूस गंज धरतो. सकाळी ती उकळत्या पाण्यात बुडवायची की तांबडं काळं होतं, मग तारेच्या घासणीने हलक्या हाताने घासायची आणि पुन्हा पहिल्यापासून. आर्डनकडे दमट खोली होती, पण ती दुकानात. म्हणून नळी, तिच्या पोलादी पेटीसकट, रोज रात्री डेल्फाच्या न्हाणीघरात टांगली जाऊ लागली.

"काल जोसीने आंघोळीला जाऊन किंकाळी फोडली," डेल्फाने एका सकाळी सांगितलं. "मी म्हटलं, ओरडतेस काय, तुझे आजोबा तिथे दाढी करायचे तेव्हा याहून भयंकर दिसायचे."

येताना ती घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव आणायची. दुपारी स्टोव्हवर एका बाजूला नळीचं पाणी उकळायचं, दुसऱ्या बाजूला कालवण. नळी घासताना तो बोलायचा आणि ती ऐकायची, कधी उलट. एमरी जेवताना गुणगुणायचा, त्याचा तिला किती राग यायचा आणि आता घर कसं मुकं झालंय, हे तिने याच स्टुलावरून सांगितलं. आर्डनने हातातली नळी बाजूला ठेवून ऐकलं. त्या दिवशी संध्याकाळी गाडी वळणाआड गेल्यावरही तो दारात उभा होता. आपण या बाईच्या प्रेमात पडलो आहोत हे त्याला कळलं, आणि आपण तिच्यापासून एक गोष्ट दडवली आहे हे त्याहून जास्त टोचलं. उद्या सांगू, असं तो रोज ठरवायचा. उद्या आला की कालवणाचा वास यायचा आणि धीर सुटायचा.

हंगामाच्या आधीचा शुक्रवार उजाडला. आर्डनने नळी उकळली, घासली, तेलाचा बोळा फिरवला. रात्रीच्या अंधारासारखी काळी, गुळगुळीत झाली होती. त्याने पुन्हा औषधाची बाटली उचलली.

"ठेवा ती," डेल्फा म्हणाली.

"एक हात अजून दिला तर..."

"मिस्टर टीटर, एमरीने ही पहिल्यांदा काळी केली तेव्हा त्याच न्हाणीघरात टांगली होती. रात्री उठून बघायचं काम माझं होतं. गंज धरायचा थांबला की काम झालं. आणि तो थांबून आठवडा उलटला. मी रोज तुम्हाला कोरडी नळी आणून देतेय आणि तुम्ही रोज ती घासताय."

आर्डनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाटली खाली ठेवताना ती आपटली. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, एवढं त्याला समजलं.

"तुम्हाला माहीत होतं, तर मग मलाही एक सांगायचंय. ते सांगणं सोपं नाही." आणि त्याने सगळं सांगून टाकलं: एमरीचे आकडे कायद्याला चालतात, त्यांना धक्का न लावता फक्त आधी परवान्याचे आठ आकडे आणि एक रेघ. "पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. इतक्या खेपा वाचल्या असत्या."

"का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही बंदूक ठेवून गेला असतात."

डेल्फा उठली. तिने कोट चढवला, एकेक बटण सावकाश लावलं. आर्डनने रायफल जोडून, पुसून गोधडीवर ठेवली. काम संपलं होतं. कोरायची आता काहीच गरज नव्हती. ती उचलून घरी न्यायची की झालं, कायदाही तिच्याच बाजूने होता. दस्त्याच्या नव्या सांध्यावरून तिने हात फिरवला, मग एमरीच्या आकड्यांवरून. तिचा अंगठा पहिल्या आकड्याच्या अलीकडे, कोऱ्या पोलादावर थांबला.

"इथे?" तिने विचारलं.

"तिथेच. पण आता त्याची..."

"इथे जागा आहे खरी." ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "आज बर्फ पडणार म्हणतात. रस्ता निसरडा होईल. बंदूक आज इथेच राहू दे."

"मिस डेल्फा, इथे राहिली तर मला..."

"कळलं मला. महिनाभर तेच ऐकतेय." दाराशी गेल्यावर ती वळली. "मशीनने नको. हाताने कोर. आणि उजवीकडे थोडे कलते काढ, आर्डन. सरळ काढलेस तर त्याच्या शेजारी फार शहाणे दिसतील."

ती गेली. बर्फ काही पडला नाही. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

आर्डनने नोंद केली. भिंग लावलं, छिन्नी पाजळली. आधी टाकाऊ पोलादाच्या तुकड्यावर एमरीच्या अक्षराचा कल हाताला बसेपर्यंत गिरवलं. मग खऱ्या कामाला हात घातला. आकडे निघाले नीट. रेघेपाशी मात्र तो अडला. ती एका माणसाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथली रेघ होती, आणि तो पहिला माणूस आर्डनच्या ओळखीचा होता. भला माणूस होता. "एमरी, सांभाळून घे रे," असं तो मोठ्याने बोलला, आणि रेघ ओढली.

शनिवारी सकाळी डेल्फा आली. चष्मा लावून तिने रायफल उजेडात धरली. अंगठा आर्डनच्या आकड्यांवरून निघाला, रेघ ओलांडून एमरीच्या आकड्यांवर गेला, आणि परत आला. आर्डनने स्वच्छ छिन्नी पुन्हा पुसायला घेतली.

"रेघ जरा लांब झालीय."

"हो. हात हलला."

"असू दे," ती म्हणाली. "एमरीला कुणी फार चिकटून उभं राहिलेलं आवडायचं नाही."

रायफल तिने गोधडीत गुंडाळली, बाहेर गाडीत जोसीच्या मांडीवर नेऊन दिली आणि गाडीची किल्लीही तिच्या हाती दिली. गाडी निघून गेली. डेल्फा मात्र कालवणाचं भांडं घेऊन परत आत आली, स्टोव्हवर ठेवलं आणि स्टुलावर बसली. स्टूल डुगडुगलं.

"आता बंदूक तर गेली," आर्डन गोंधळून म्हणाला.

"गेली ना. आता हे स्टूल घे कामाला," ती कोटाची बटणं काढत म्हणाली. "आणि घाई करू नकोस. स्टुलाच्या मुक्कामाला कुणी नोंद मागत नाही."