गुरुवारची चिठ्ठी

महासाथीच्या दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या रुग्णालयातलं सीटी स्कॅन नऊ दिवस बंद राहिलं. मशीन ठणठणीत होतं. ते चालवणाऱ्या आम्ही दोघीच, रांग्ने आणि मी, एकदम आजारी पडलो होतो. त्या नऊ दिवसांत फ्योर्डकाठच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या आमच्या खाडीकाठच्या, अकरा रुग्णांना घाट ओलांडून तीन तासांवरच्या शहरात न्यावं लागलं. त्यातला एक, पक्षाघात झालेला, बोटी दुरुस्त करणारा ओलाव. तपासणीला इतका उशीर झाला की त्याची वाचा गेली ती गेलीच.

आमची विभागप्रमुख गुडवेग त्याच्या घरी जाऊन आली. आल्यावर एवढंच म्हणाली, "त्याच्या बायकोनं मला कॉफी दिली." मग कोट न काढताच तिनं आम्हाला सांगितलं, "एकालाच येतं असं एकही काम यापुढे या विभागात राहणार नाही."

आर्नफिन तिथल्या तिथे उखडला. तीस वर्षं त्यानं फक्त हाडांचे एक्स-रे काढले होते. "मी अठ्ठावन्नचा आहे, गुडवेग. आता मला शाळेत घालतेस?"

"मी एकसष्टची आहे. माझ्या शेजारी बस."

आणि ती खरंच बसली. रोज सकाळी सातला, कामाआधी, सीटी शिकायला वही घेऊन माझ्यापुढे. मी तिच्याहून वीस वर्षांनी लहान, हाताखालची. एकदा भान सुटून ओरडले, "अगं, आधी रुग्णाला हात डोक्यावर घ्यायला सांग ना!" तिनं ते वहीत लिहून घेतलं. ते पाहिल्यावर आर्नफिनची कुरकुर आपोआप खाली आली आणि तोही तिच्या शेजारी येऊन बसला.

पण शिकणं वेगळं आणि निभावणं वेगळं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून दर गुरुवारी ती डब्यातून एक चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल तो त्या दिवशी 'आजारी'. त्यानं जेवणाच्या खोलीत बसायचं, रुग्णाला धोका नसेल तर तोंड उघडायचं नाही, बाकीच्यांनी निभावायचं. एक डॉक्टर वैतागून म्हणाले, "इथे काय खेळ मांडलाय?"

"हो, खेळच," गुडवेग म्हणाली. "आत्ता खेळून घेतो, म्हणजे वेळ आल्यावर रडायला नको."

दोन वर्षांनंतरच्या फेब्रुवारीतला एक गुरुवार. बर्फानं घाट बंद, रांग्ने खरोखरीच तापानं घरी, आणि चिठ्ठी निघाली माझी. "आज राहू दे," मी म्हटलं.

"आजार काय विचारून येतो?"

साडेदहाला रुग्णवाहिका आली. शाळेतल्या शिक्षिका तुरहिल्ड, उजवं अंग लुळं पडलेलं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे की रक्तस्राव, हे सीटीशिवाय कळणार नव्हतं आणि कळल्याशिवाय औषध देता येणार नव्हतं. मी उठले. गुडवेग दारात उभी.

"अगं, हे खरं आहे!"

"माहीत आहे. चल, काचेमागे उभी राहा. आर्नफिन एक क्षण जरी अडखळला, तर मीच तुला आत ढकलते."

आत आर्नफिन होता. चित्रात रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून आधी शिरेत औषधाची सुई लावायची होती. मग तो तुरहिल्डच्या कानाशी वाकला आणि हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं म्हणाला, "माझ्या नातीचं व्याकरण तुम्हीच सुधारलंत ना? आता जराही हलायचं नाही हं." सुई पहिल्याच खेपेला बसली. काही मिनिटांत चित्रं डॉक्टरांपुढे होती. गाठच होती, औषध सुरू झालं.

गुडवेगनं माझी बाही किती घट्ट धरली होती, ते तिनं ती सोडल्यावर मला कळलं.

आर्नफिन बाहेर आला, भिंतीला टेकला. "आधी मला माझा डबा खाऊ द्या," म्हणाला, आणि तपकिरी चीजचा पाव काढून बसला. संध्याकाळी तुरहिल्डनं उजव्या हाताची बोटं हलवली.

त्या वसंतात फ्योर्डपलीकडच्या रुग्णालयानं गुडवेगला बोलावलं: आमच्याकडेही हे बसवून द्या. तिनं आर्नफिनला पाठवायचं ठरवलं.

"त्याला कशाला?" मी विचारलं. "हे सगळं उभं तू केलंस."

"तिथेही कुणीतरी नाक मुरडून बसलेला असणारच," ती म्हणाली. "त्याच्याशी काय बोलायचं, ते मला कुठे येतं?"