थोरल्या बाटलीची लाख

गणपतराव आडत्यांच्या जिभेला शाहूपुरीच्या गूळपेठेत मान होता. सौद्याच्या वेळी ते गुळाच्या रव्याची, म्हणजे ढेपेची, कड तोडून तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, हा पन्हाळ्याच्या पायथ्याचा, हा कुरुंदवाडकडचा, जमीन जरा खारवट. ते सहसा चुकत नसत, आणि चुकले तरी तोंडावर सांगणारा माणूस पेठेत जन्माला यायचा होता. शाहू छत्रपतींना गादीवर बसून दहा-बारा वर्षं झाली असतील. पेठ नवी होती, रेल्वे दाराशी आली होती, हातात पैसा खुळखुळत होता. आणि पैसा आला की माणसाला साहेबाला घरी बोलवायची हौस येते.

साहेब रेल्वेकडचा, जातीचा स्कॉच. त्याच्यासाठी गणपतरावांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून त्याच्याच मुलखातली व्हिस्की मागवली होती. एकाच भट्टीची, नुसत्या मोड आणलेल्या जवाची, पण तीन वयांची: दहा वर्षांची, पंधरा वर्षांची आणि पंचवीस वर्षांची. तिन्ही शेजारी ठेवून एकेक घोट घ्यायचा आणि फरक सांगायचा, असा त्या लोकांचा रिवाज आहे म्हणे. रविवारी दुपारी साहेब येणार होता. त्याच्यापुढे अडाणी दिसायला नको म्हणून गणपतरावांनी दोन दिवस आधीच मेहुण्याला, आकारामला, माडीवर बोलावलं आणि रंगीत तालीम केली.

दहा वर्षांची घशात गेली तशी मिरचीसारखी झोंबली. आकारामच्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा वर्षांची त्याहून कमी. आणि पंचवीस वर्षांची? ती तुपासारखी घसरली. कुठं जाळ नाही, ठसका नाही.

गणपतरावांनी पेला खाली ठेवला. जुनं झालं की तेज होतं, हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. जुना गूळ उग्र, जुनं लोणचं उग्र, दोन दिवसांची ताडी कालच्यापेक्षा डोक्यात जाणारी. मग पंचवीस वर्षांचा म्हातारा असा दुधासारखा कसा? आकारामनं बाटली उचलली आणि बुचाकडं बोट दाखवलं. बुचावर कारखान्याचं मेण नव्हतं. तांबडी लाख होती, घरच्या लाखोट्यांना लावतात ती.

"दाजी," तो म्हणाला, "कुंपणानंच शेत खाल्लं की. निम्मी पिऊन पाणी घातलंय."

कुंपण म्हणजे इलाही. घराच्या कोठीवर तोच होता. तेल, तूप, पाहुण्यांची भांडीकुंडी, सगळं त्याच्या कुलपात. त्याच्या आधी त्याचा बाप होता. कंबरेचा किल्ल्यांचा जुडगा आणि आडतीमागच्या दोन खोल्या, एवढीच त्याची दौलत. आणि तिच्यावरच त्याला गावात कोणीही सलाम करायचं. विचारल्यावर त्यानं सांगितलं ते अगदी साधं होतं. पेटी आली तेव्हा मालक कुरुंदवाडला गेले होते. उन्हानं थोरल्या, म्हणजे पंचवीसच्या, बाटलीचं मेण ओघळलं होतं, बूच वर सरकायला लागलं होतं, म्हणून त्यानं ते दाबून लाख लावली. आत काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं आयुष्यात थेंब चाखला नव्हता.

गणपतरावांनी मान हलवली, म्हणजे विश्वास ठेवला असं नाही. संशय हा असा पाहुणा आहे की त्याला एकदा ओसरीवर बसू दिलं की तो थेट स्वयंपाकघरात येतो. त्याच संध्याकाळी ते काहीतरी विचारायचं निमित्त करून इलाहीच्या तोंडाजवळ वाकले. विड्याचा वास आला. विडा कशाला खाल्ला असेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि इलाही रोजच विडा खातो हे ते सोयीनं विसरले. शनिवारी आकाराम मागच्या गल्लीत उभा राहिला आणि बातमी घेऊन आला. इलाहीची बायको ताजबी पदराखाली बाटली घेऊन गेली होती. चौकशी केली तर ती शेजारच्या बाळंतिणीला एरंडेल देऊन आलेली. आकाराम म्हणाला, एरंडेल हे सांगायला झालं. गणपतरावांना तेही पटलं. माणसाला एकदा पटवून घ्यायचं असलं की एरंडेलसुद्धा व्हिस्की होते.

घरातल्या पोळ्या करणाऱ्या बाईपर्यंत सगळे इलाहीकडं तिरक्या नजरेनं बघायला लागले. तो कोठीत शिरला की कोणीतरी उगाच दाराशी घुटमळायचं. शनिवारी दिवेलागणीला गणपतरावांनी त्याला समोर उभं केलं.

"उद्या सायबासमोर पंचवीसची बाटली झोंबली पायजे. न्हाय झोंबली, तर किल्ल्या ठेवायच्या आणि खोल्या मोकळ्या करायच्या. तुझ्या बाचं तोंड बघून पोलिसात देत न्हाय, एवढंच."

इलाहीनं पिराची शपथ घेतली. शपथेला कोण विचारतो? तो घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. ताजबीनं सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, मालकाला झोंबणारी बाटली हवी ना? मग कुठली झोंबते हे त्यांनीच सांगितलंय. दहाची पंचवीसमध्ये ओत आणि पंचवीसची दहामध्ये. इलाही तिच्यावर ओरडला. आजवर या घरातलं मीठ इकडचं तिकडं केलं नाही, आणि आता बाटल्या बदलू? ताजबीनं फक्त झोपलेल्या दोन पोरींकडं बघितलं.

रविवारी सकाळी इलाहीनं कोठीचं दार आतून लावून घेतलं. ओतताना घाईत थोडी व्हिस्की जमिनीवर सांडली. ती त्यानं आपल्या फेट्याच्या टोकानं पुसली आणि बाटलीवर पुन्हा लाख लावली.

दुपारी साहेब आला. मुन्शीकडून शिकलेलं छापील मराठी बोलायची त्याला हौस होती. तीन पेले मांडले, इलाहीनं ओतलं आणि तो भिंतीशी जाऊन उभा राहिला. गणपतरावांनी आधी थोरल्या बाटलीचा पेला तोंडाला लावला. थोरल्याचा मान पहिला, हा आपला रिवाज. घशात जाळ उठला. ते खोकले, डोळे पुसले आणि खुलले. ते आकारामकडं वळून म्हणाले, आता कसं, हा खरा म्हातारा! इलाहीकडं त्यांनी अशा नजरेनं बघितलं, की बच्चमजी, धमकी दिल्यावर बरोबर माल बाहेर निघाला.

साहेब मात्र धाकट्याकडून सुरुवात करत होता. त्यानं पहिला घोट घेतला. पुन्हा घेतला. मग पंधराची घेतली, मग पंचवीसची, आणि परत पहिल्या पेल्याकडं आला.

"गणपतराव," तो म्हणाला, "या दोन बाटल्यांची अदलाबदल झालेली आहे. वृद्ध मद्य या धाकट्या बाटलीत आहे. लाकडी पिंपात वर्षे गेली की त्याचा दाह निघून जातो. जे मऊ, ते जुने."

आकाराम इलाहीकडं बोट करून काही बोलणार, एवढ्यात गणपतरावांनी त्याच्या मांडीवर हात दाबला. त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. परवा थोरल्या बाटलीत होती ती खरीच पंचवीस वर्षांची होती. लाख खरी, मेण खरं, एरंडेलही खरंच. खोटी ठरली होती ती त्यांची जीभ. पण तसं साहेबापुढं कबूल करायचं म्हणजे उद्या पेठेत सौदा कोणाच्या भरवशावर व्हायचा?

"मीच सांगितलंतं त्याला," गणपतराव हसून म्हणाले. "म्हटलं, सायबाची जीभ बघूया की."

साहेब खूश झाला. त्यानं मांडीवर थाप मारली, यजमानाच्या चातुर्याची तारीफ केली आणि उन्हं उतरेपर्यंत बसला.

तो गेल्यावर इलाहीनं पेले धुऊन, पुसून फडताळात ठेवले. मग कंबरेचा जुडगा सोडून गणपतरावांपुढं ठेवला. गणपतराव म्हणाले, झालं ते झालं, उचल किल्ल्या. त्यांना खरं तर माफी मागायची होती. पण माफीची सवय नसलेल्या माणसाच्या तोंडून ती हुकमासारखीच बाहेर येते.

इलाहीनं किल्ल्या उचलल्या नाहीत.

"मालक, मी हात लावला नव्हता त्या दिशी तुमी मला चोर म्हणलासा," तो म्हणाला. "आज लावला, तर पाठीशी घातलासा. आता ह्या घरात इमान म्हंजे काय, मला कळंना झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आडतीमागच्या खोल्या रिकाम्या होत्या. ताजबीनं जमीन सारवून ठेवली होती. किल्ल्या आकारामच्या कंबरेला गेल्या. त्याला त्या शोभत नव्हत्या, पण शोभतात असं त्याला वाटत होतं.

सौदा नेहमीच्या वेळी सुरू झाला. गणपतरावांनी पहिल्या रव्याची कड तोडली, तोंडात टाकली आणि डोळे मिटले. शेतकरी वाट बघत उभे होते. गणपतरावांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले. मग त्यांनी आणखी एक कड तोडली आणि आकारामपुढं धरली.

"तू बघ रं जरा," ते म्हणाले.